आईच्या अंगणातली फुलं पुण्याच्या बाल्कनीत कशी आणावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई गेल्या कार्तिकात गेली. गुहागरजवळचं घर येत्या दिवाळीनंतर विकायचं ठरलं आहे. पुण्यात सातव्या मजल्यावर पूर्वेकडची बाल्कनी आहे आणि तिथे आईच्या आठवणीसाठी रंगीत फुलांची छोटी बाग करायची आहे. हेलिकोनिया, अँथुरियम, मोठ्या फुलांच्या नव्या जास्वंदी, चाफा अशी यादीही तयार आहे. मावशींना हे पटलेलं नाही. गेलेल्या माणसासाठी रंगीत फुलं वापरत नाहीत असं त्या म्हणतात. आणि शेवटी तुम्ही विचारलं आहे, की आईच्या नावानं लावलेलं झाड मेलं तर काय करायचं?

मी फुलझाडांची रोपं करते आणि विकते. असा प्रश्न घेऊन माणसं रोपवाटिकेत येतात तेव्हा त्यांना रोप दाखवण्याआधी मी एकच विचारते: जुनं घर अजून आहे का, आणि तिथे झाडं आहेत का? तुमच्या बाबतीत दोन्ही आहेत आणि पावसाळा नुकता सुरू झाला आहे. म्हणून यादी बाजूला ठेवा आणि आधी गुहागरला जाऊन या. दिवाळीनंतर त्या अंगणावर तुमचा हक्क राहणार नाही, आणि फांद्या रुजायला जूनअखेर ते ऑगस्ट यासारखा दुसरा काळ नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत विहिरीजवळ जी लाल, एकेरी पाकळ्यांची जास्वंद दिसते, ती आपली गावठी जास्वंद. कोकणात देवपूजेला हीच. तिला बी जवळजवळ धरत नाही. घरोघरी दिसणारी ही जास्वंद फांदीवरूनच पसरली आहे: कुणीतरी कुणाच्या परसातून काडी मोडून आणली, पावसात खोचली आणि ती लागली. तुमच्या आईनंही ती तशीच आणली असणार. काडीवरून वाढलेलं झाड म्हणजे मूळ झाडाचं मूल नव्हे, तेच झाड. फक्त मुळं नवी. आईनं रोज सकाळी जिची फुलं काढली तीच जास्वंद तुमच्या बाल्कनीत फुलू शकते, आणि हे मी मन राखण्यासाठी म्हणत नाही. वनस्पतीशास्त्रात याला हुबेहूब हाच अर्थ आहे. नर्सरीतलं कितीही महागडं रोप हे देऊ शकणार नाही.

काडी कशी घ्यायची ते नीट सांगते. पेन्सिलीएवढ्या जाडीची, अगदी कोवळी हिरवी नाही आणि जून राखाडीही नाही, अशी फांदी निवडा. तिचे वीतभर लांबीचे तुकडे करा, प्रत्येकाला तीन-चार डोळे, म्हणजे पान फुटतं त्या जागा, हवेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका द्या. वरची दोन पानं ठेवा, तीही अर्धी कापून. बाकीची काढून टाका. कळ्या असतील तर त्या काढायलाच हव्यात, हात कितीही थबकला तरी. एका झाडाच्या किमान दहा-बारा काड्या घ्या, कारण सगळ्या लागत नाहीत. ओल्या फडक्यात किंवा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पिशवी गाडीच्या डिकीत टाकू नका, तिथे ती तापते, पायाशी ठेवा. घरी पोचल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी अर्धी वाळू आणि अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या पिशव्यांमध्ये खोचा. बाल्कनीत थेट पाऊस आणि थेट ऊन लागणार नाही असा कोपरा बघा. गावठी जास्वंदीला मुळं फुटण्यासाठी लावतात त्या रूटिंग पावडरची गरज पडत नाही. चार ते सहा आठवड्यांत नवी पानं दिसतील. मधेच उपटून मुळं फुटलीत का ते पाहायचं नाही, हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

चाफ्याचं गणित उलटं आहे. जास्वंदीला ओल हवी, चाफ्याला कोरडेपणा. त्याची फांदी दीड फुटापर्यंतची घ्यायची, चीक गळू द्यायचा, पानं काढून टाकायची आणि फांदी सावलीत आडवी ठेवून आठ-दहा दिवस वाळू द्यायची. कापलेलं टोक कोरडं आणि घट्ट झालं की मगच लावायची. खरा हंगाम मार्च ते मे, झाडावर पानं नसताना. पण तुम्हाला पुढचा उन्हाळा त्या घरात मिळणार नाही, तेव्हा आत्ताच आणा. फक्त घरात, पाऊस लागणार नाही अशा जागी पंधरा दिवस वाळवा, वाळू जास्त असलेल्या मातीत लावा आणि पानं फुटेपर्यंत पाणी अगदी नावापुरतं द्या. पावसाळ्यात चाफ्याच्या काड्या मरतात त्या बुंध्याशी सडून. हे जपलंत तर तो सहज लागतो.

आता अंगणात आणखी काय आहे ते डोळे उघडे ठेवून बघा. फोटोत न येणारी झाडं असतात आणि बहुतेक वेळा आठवण त्यांच्यातच असते. कुंपणाकडे कोरांटी असेल, पिवळी किंवा जांभळी. तिची काडी जास्वंदीसारखीच लागते. न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ वाढलेली असेल, तिचा आल्यासारखा गड्डा डोळ्यासकट काढा. गुलबक्षी असेल तर संध्याकाळी चार-पाचनंतर बघा, कारण ती तेव्हाच उमलते. तिचं काळं, मिऱ्यासारखं बी झाडाखालीच पडलेलं मिळतं. ते गोळा करा, पण घरात लहान मूल असेल तर हाताला लागू देऊ नका, बी विषारी असतं. एकाच गुलबक्षीच्या झाडावर गुलाबी, पिवळी आणि दोन्ही रंगांचे शिंतोडे असलेली फुलं येतात. आईच्या झाडाचं बी पुढच्या वर्षी कोणता रंग घेऊन येईल हे आधी कळत नाही, आणि मला ही त्याची मोठी गंमत वाटते. अबोली असेल तर तिच्या वाळक्या कणसांवर पाणी पडताच शेंगा तडकून बी लांब उडतं. म्हणून कणसं कोरडी असतानाच कागदी पाकिटात घाला.

सोनचाफ्याची फांदी मात्र आणू नका. ती काडीवर सहसा लागत नाही. गुटीही, म्हणजे झाडावरच्या फांदीची साल काढून तिथे ओलं शेवाळ किंवा माती बांधून मुळं फोडणं, फसते. आईच्या सोनचाफ्याचं बी मिळालं तर ते रुजेल, पण फुलायला कित्येक वर्षं घेईल आणि सातव्या मजल्यावर त्याला ती वर्षं काढायला जागा नाही. तिथलीच डोळे असलेली काडी घेऊन कुणी जाणकारानं कलम बांधून दिलं तर उत्तम. कुडाळ, सावंतवाडी, रत्नागिरी भागात कलमं बांधणारे हात अजून भरपूर आहेत. ते जमलं नाही तर सोनचाफा त्या अंगणातच राहू द्या आणि घर घेणाऱ्यांना एवढं सांगा की हे झाड ठेवाल तर बरं होईल. लोक ऐकतात. मोठं झाड मुळासकट उपटून पुण्यात आणण्याचा विचार तर अजिबात करू नका. ते प्रवासात निम्मं आणि कुंडीत उरलेलं मरतं.

माती आणावी का, हे पुढे तुम्ही विचारालच. मूठभर आणा. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि ती कुंडीत मिसळायला हरकत नाही. पण तिच्याबरोबर मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी येऊ शकतात आणि अबोलीचा तर तो पहिला शत्रू आहे. अबोली एकाएकी मलूल होऊन मरते ती बहुधा सूत्रकृमी आणि मर रोग या जोडीमुळे. म्हणून माती आधी काळ्या प्लास्टिकवर पातळ पसरून कडक उन्हात काही दिवस तापवा, मगच वापरा.

मावशींबद्दल. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, त्यात परंपरेचा खरा भाग आहे. आपल्याकडे श्राद्धाच्या दिवशी पांढरी फुलं, तुळस, माका वापरतात. लाल आणि उग्र वासाची फुलं टाळतात. वर्षश्राद्धाच्या ताटाशेजारी तगर किंवा पांढरी शेवंती ठेवा आणि मावशींना ती ठेवायला सांगा. पण तो नियम त्या विधीचा आहे. रोज सकाळी चहा घेताना जिच्याकडे बघायचं त्या कुंडीला तो लागू होत नाही. आपल्याच आसपासची माणसं निरोप आणि आठवण वेगवेगळ्या रंगांत जपतात. वसईत आणि गोव्यात २ नोव्हेंबरला, ऑल सोल्स डेच्या दिवशी, ख्रिस्ती कुटुंबं कबरी धुऊन पुसून झेंडू, शेवंती, जी फुलं हाताशी असतील त्यांनी सजवतात. आणि तो झेंडू, ज्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही, मूळचा मेक्सिकोचा आहे. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्या आप्तांसाठी झेंडूच्या पाकळ्यांच्या वाटा घालतात, त्यांना घर सापडावं म्हणून. एकच फूल एका देशात विजयाचं तोरण आहे आणि दुसऱ्या देशात पूर्वजांची वाट. रंगात शोकाला मज्जाव करणारं काही नाही.

तुमच्या प्रश्नात आणखी एक अडखळ मला जाणवली, तुम्ही ती उघड लिहिली नसली तरी. आईनं कधी पाहिलीही नव्हती अशी परदेशी झाडं तिच्या नावानं लावणं बरोबर आहे का? माझं स्पष्ट मत, बरोबर आहे. आपण ज्यांना पिढ्यान्पिढ्यांची घरची फुलं समजतो त्यातली कितीतरी गेल्या चार-पाचशे वर्षांत समुद्र ओलांडून आली आहेत. देवळापुढचा चाफा, अंगणातली गुलबक्षी, कुंपणावरची बोगनवेल, झेंडू ही सगळी अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतली. कुणीतरी कधीतरी ही अनोळखी फुलं पहिल्यांदा हातात घेतली, ती आवडली म्हणून लावली, आणि मग ती देवाला वाहिली गेली. तुमची आई आज नर्सरीत आली असती तर बशीएवढी केशरी जास्वंद पाहून नुसती पुढे निघून गेली नसती, असं मला तरी तिच्या अंगणाच्या फोटोवरून वाटतं. ज्या अंगणात एवढे रंग आहेत, ते अंगण रंगाची भूक असलेल्या बाईचंच असतं.

निवडीच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला अडवणार आहे. तुम्ही झाडं फुलाच्या दिसण्यावरून निवडली आहेत. आठवणीसाठी लावताना आधी बघायचं ते फुलण्याची वेळ. तुम्ही लिहिलं आहे की वर्षश्राद्धाच्या दिवशी चाफा फुललेला असावा. तिथी कार्तिक वद्यातली आहे. ती इंग्रजी तारखेच्या मानानं दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येते आणि अधिक महिना झाला की साधारण १९ दिवस पलीकडे जाते. म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत कधीही. त्या काळात पुण्यात चाफ्याची फुलं आटलेली असतात आणि पानं गळायला लागतात. वर्षानुवर्षं त्याच दिवशी उघडी फांदी बघावी लागेल आणि तुम्हाला वाटेल झाडालाही काहीतरी झालं. तसं काही नसतं, तो विश्रांती घेत असतो.

त्या दिवसासाठी कोरांटी लावा. पावसाळा संपून हवा कोरडी झाली की ती फुलायला लागते आणि थंडीभर फुलते. गुहागरहून आणलेल्या काडीला पहिल्या वर्षी फुलं आली नाहीत तरी दुसऱ्या वर्षी येतीलच. सोबतीला अबोली असू द्या, ती जवळजवळ बारा महिने फुलते. आणि शेवंतीचं एक रोप त्या त्या वर्षी विकत आणा. पाऊस थांबून पाणी तोडलं की बोगनवेलही रंगायला लागते. तिला कुंडी जराशी अपुरी आणि पाणी जरासं कमी पडलं की फुलोरा वाढतो. लाड केले की नुसती पानं.

चाफ्याचा दिवस वेगळा ठेवा. तो चैत्र-वैशाखात येतो. आईचा वाढदिवस एप्रिलमध्ये असतो असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे, मला तर तेच जुळून आलेलं वाटतं. गेलेल्या दिवसापेक्षा जन्माच्या दिवसाला फुलणारं झाड घरात असणं मनाला बरं पडतं, हे अनेक गिऱ्हाइकांनी मला येऊन सांगितलं आहे. आणि आषाढ-श्रावणासाठी मधुमालती, जर ग्रिलवर चढवायला सोसायटी परवानगी देत असेल तर. तिचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, तिसऱ्या दिवशी लाल. एकाच घोसात तिन्ही रंग लटकलेले असतात. पांढऱ्या फुलाकडे रात्री लांब सोंडेचे पतंग येतात, रंगलेल्याकडे दिवसा मधमाश्या आणि फुलपाखरं. गणपतीत तेरडा. त्याचं बी गुहागरच्या रस्त्याकडेलाच मिळेल, पिकलेली शेंग बोट लागताच फुटते, तेव्हा मूठ मिटूनच शेंग तोडा. तुमच्याकडे गौरी तेरड्याच्या असतील तर कुंडीतल्या रोपांची गौर पुण्यातही आणता येईल. बाजारातल्या जुडीपेक्षा ती वेगळी वाटेल.

सुगंधाला यादीत तुम्ही जागाच दिलेली नाही, हे मला खटकलं. रंग बघून आठवण येते, पण वासानं ती विचारायला न थांबता येते. त्यालाही शारीरिक कारण आहे: नाकातून येणारा संदेश मेंदूत भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांकडे फार सरळ वाटेनं जातो, इतर संवेदनांना मधे एक थांबा असतो. चाफ्याचा वास रात्री वाढतो, कारण तो पतंगांना बोलावत असतो. गंमत म्हणजे फुलात मध नसतोच, बिचारे पतंग वासावर फसून येतात आणि परागीकरण करून जातात. म्हणून चाफ्याची कुंडी बैठकीच्या नाही, झोपण्याच्या खोलीच्या खिडकीशी ठेवा. अनंताची गुटी पावसाळ्यात सहज बांधता येते. आईच्या अंगणात अनंत असेल तर तीही बांधून घ्या, दोन महिन्यांत मुळं दिसतील आणि घर सुटायच्या आत काढता येईल.

फुलं जपून ठेवायची असतील तर सगळी फुलं सारखी वागत नाहीत. जास्वंद दाबून वाळवली की तिचा लाल रंग काळपट जांभळा होतो. चाफा तपकिरी पडतो, कितीही काळजी घेतली तरी. या दोघांचे फोटोच घ्या, सकाळच्या कोवळ्या उजेडात, फ्लॅश न वापरता. बोगनवेलीचा रंगीत भाग मात्र कागदासारखा असतो आणि वर्षानुवर्षं रंग धरतो. तो भाग फुलाच्या पाकळ्यांचा नाही, पानांचाच बदललेला अवतार आहे; फूल म्हणजे आतली इवलीशी पांढरी नळी. गोकर्णाचा निळाही वाळल्यावर बराच टिकतो. टिपकागदात किंवा छपाई नसलेल्या कागदात ठेवून वर वजन द्या, आणि पावसाळ्यात पहिले आठ दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. आणि वास टिकवायचा असेल तर बकुळ. रंग काहीच नाही, पण वाळलेली बकुळीची माळ कपाटात महिनोन्‌महिने दरवळते. गुहागरच्या वाटेवर किंवा गावात बकुळीचं झाड असेलच, खाली पडलेली फुलं ओंजळभर उचलून आणा.

आता पुण्यात ही झाडं जगवायची कशी. कोकण आणि पुणे यांत मोठा फरक हवेतल्या दमटपणाचा आणि मातीचा. आपल्याकडची काळी माती अल्कधर्मी, बोअरचं पाणी बऱ्याचदा जड. अशा पाण्यावर अनंत, इक्झोरा (आपली पेंटगुळ), थोड्याफार प्रमाणात जास्वंद यांची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक याला खत कमी पडलं असं समजून युरिया घालतात. खरी कमी लोहाची असते. लोह मातीत असतं, पण अशा अल्कधर्मी मातीत झाडाला उचलता येत नाही. पानांचं कुजलेलं खत घाला, पावसाचं पाणी साठवून द्या, आणि गरज पडलीच तर चिलेटेड लोह (झाडाला उचलता येईल अशा रूपातलं) पाकिटावरच्या प्रमाणात फवारा. चुना किंवा राख या कुंड्यांच्या जवळ नेऊ नका.

पूर्वेची बाल्कनी जास्वंदीला चालते, सकाळचं चार-पाच तास ऊन मिळालं पाहिजे. कुंडी बारा ते चौदा इंची, भोकं मोकळी. सातव्या मजल्यावर वारा फार असतो आणि कुंडी वरून सुकते, आत ओल असते; बोट खुपसून बघा मगच पाणी द्या. कळ्या गळतात त्या बहुतेक वेळा कधी चिखल, कधी कोरड अशा पाण्यामुळे. पिठ्या ढेकूण येणारच. शेंडे बोकडले, पानं चुरगळली आणि पांढरा कापूस दिसला की ते शेंडे छाटून बंद पिशवीत टाका, झाडाला जोराच्या पाण्यानं धुवा आणि लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल व साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा. मुंग्यांचा बंदोबस्त केला नाही तर सगळं वाया, कारण मुंग्या त्या किडीला गोड द्रवासाठी पाळतात. चाफ्याच्या पानामागे नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. ती पानं काढून टाका, घाबरू नका, झाड त्यानं मरत नाही.

आणि तरीही एखादं झाड मरेल. तुमच्या त्या शेवटच्या प्रश्नावर मी सर्वांत जास्त विचार केला. कुंडीतली जास्वंद दहा-बारा वर्षं छान राहते, कधी एखाद्या मे महिन्यात तुम्ही गावाला गेलात आणि शेजारी विसरले म्हणूनही जाते. ते झाड आईच्या नावाचं असेल तर माणूस दुसऱ्यांदा मोडतो. मी अशी माणसं पाहिली आहेत आणि म्हणून एका कुंडीवर सगळी आठवण कधीच ठेवू देत नाही. गुहागरहून आणलेल्या काड्यांपैकी सहा लागल्या तर एक तुमच्याकडे, एक बहिणीकडे, एक मावशींकडे, एक आईच्या एखाद्या मैत्रिणीकडे. मावशी तर नाही म्हणणारच नाहीत, लाल जास्वंद त्यांनाही गणपतीला लागतेच. दर तीन-चार वर्षांनी पावसाळ्यात सगळ्यांनी आपापल्या झाडाच्या दोन काड्या लावायच्या. मग तुमचं झाड गेलं तर बहिणीकडून काडी येईल आणि ती आईचीच जास्वंद असेल. कोणत्या कुंडीत कुठून आणलेलं झाड आहे ते लिहून ठेवा, शाईनं नको, ती धुऊन जाते; ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्यानं कोरा आणि तारेनं बांधा. नव्या आणि जुन्या जास्वंदी एकत्र वाढल्या की फुलं नसताना त्या ओळखू येत नाहीत.

राहिली तुमची मूळ यादी. मोठ्या फुलांच्या जास्वंदींपैकी दोन घ्या, त्याहून जास्त नको. नर्सरीवाले त्यांना ऑस्ट्रेलियन, बंगळुरू व्हरायटी वगैरे म्हणतात. गावठीपेक्षा त्या नाजूक असतात, कीड लवकर धरतात, पण रंग असे देतात की बघत राहावं. अँथुरियम ठेवा, फक्त बाल्कनीत नाही, घरात उत्तरेच्या खिडकीपाशी; नारळाच्या सालीच्या तुकड्यांत, ओलसर पण साचलेलं पाणी नसलेल्या कुंडीत. त्याचं एक फूल आठवडेच्या आठवडे टिकतं. हेलिकोनिया तुमच्या बाल्कनीत लावू नका. त्याला दमट हवा, भरपूर पाणी आणि पसरायला जागा हवी. पुण्याच्या कोरड्या वाऱ्यात पानं फाटतील आणि थंडीत कडा करपतील. बहीण चिपळूणला असते म्हणालात ना? हेलिकोनियाचा गड्डा तिच्या परसात, केळीच्या आडोशाला लावा. पहिल्या वर्षी फुलला नाही तर उकरून बघायला जाऊ नका, फुटवे वाढले की दुसऱ्या पावसाळ्यात फुलेल.